नागपूरच्या कौन्सिलातील पंजाबराव : शिक्षणमंत्र्याचा वारसा कुठे शोधायचा?

अजनीकर

मागच्या आठवड्यात भाचीच्या प्रवेशासाठी काँग्रेसनगरच्या शिवाजी सायन्स कॉलेजात गेलो होतो. कागदपत्रे तपासण्याच्या रांगेत आमच्या पुढे हिंगणघाटकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन उभे होते. फाटकावरची पाटी वाचून त्यांनी मला विचारले, "संस्था अमरावतीची, मग कॉलेज नागपुरात कसं?" मी त्यांना डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे ते कर्जाच्या व्याजाच्या योजनेवाले?" पीककर्जाच्या व्याज सवलत योजनेमुळे त्यांना नाव ठाऊक होते, पण माणूस ठाऊक नव्हता. त्यांच्या मुलाला तर तेवढेही ठाऊक नव्हते. घरी परतल्यावर मला याचे वाईट वाटत राहिले, म्हणून हा धागा काढत आहे.

वऱ्हाडात भाऊसाहेबांची, म्हणजे पंजाबरावांची, ओळख शिक्षणसंस्थेचे संस्थापक म्हणून आहे आणि दिल्लीत देशाचे पहिले कृषिमंत्री म्हणून. नागपुरात मात्र त्यांची ओळखच उरलेली नाही. वास्तविक १९३० ते १९३३ या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात शिक्षण, शेती व सहकार ही खाती त्यांच्याकडे होती, आणि तो कारभार याच शहरातून चालत होता.

प्रश्न असा आहे. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा पट पाहिला तर संबंध अनेक ठिकाणी जुळलेले दिसतात. सुरुवातीला वऱ्हाडातली ब्राह्मणेतर चळवळ, मग शेतकरी संघ, १९२८ मध्ये अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद, ब्रिटिश अमदानीतील मंत्रिपद, पुढे घटना समिती, काँग्रेसच्या तिकिटावर तीनदा लोकसभा, मागासवर्गीयांचा अखिल भारतीय संघ आणि १९५५ मध्ये भारत कृषक समाज. अशा माणसाचा वारसा शोधायचा तर तो पक्षात शोधायचा, कायद्यात शोधायचा की संस्थेत?

माझे मत आधीच मांडतो. तो वसतिगृहात शोधावा. स्वामी श्रद्धानंदांची डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत हत्या झाली. त्यानंतर लवकरच भाऊसाहेबांनी अमरावतीत त्यांच्या नावाने छात्रालय काढले आणि ते सर्व जातींच्या मुलांना खुले ठेवले. मंत्रिपद त्यानंतर आले आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तारही त्यानंतरचा. खेड्यातल्या मुलाची शाळा मुख्यतः राहण्या-जेवण्यापायी सुटते, ही गोष्ट त्यांनी इतर सगळ्यांच्या आधी ओळखली होती, असे मला वाटते.

महालवासी

विषय चांगला आहे, परंतु अजनीकर, आपण एक अवघड भाग फार लवकर ओलांडला आहे. १९३० हे साल साधे नव्हते. लाहोर अधिवेशनानंतर काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार घातला होता. जुलै १९३० मध्ये बापूजी अणे यांनी पुसदजवळ जंगल सत्याग्रह केला, आणि विदर्भातील शेकडो माणसे तुरुंगात गेली. अशा वेळी कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, निवडून जाणे आणि गव्हर्नरच्या हाताखाली मंत्रिपद स्वीकारणे, या निर्णयाला त्या पिढीने सहज माफ केले नाही. माझे आजोबा महालातल्या प्रभातफेऱ्यांत असायचे. ते पंजाबरावांचे नाव आदराने घेत, पण 'कौन्सिलवाले' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज बदलत असे. एका वसतिगृहाने हा प्रश्न मिटतो, असे मला वाटत नाही.

वैनगंगा

महालवासी यांचा आक्षेप रास्त आहे, परंतु त्या मंत्रिपदाचे स्वरूपही पाहायला हवे. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, शेती, सहकार, स्थानिक स्वराज्य ही 'सोपीव' खाती हिंदी मंत्र्यांकडे आली, तर अर्थ, महसूल, पोलीस ही 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. म्हणजे शाळा काढण्याची जबाबदारी मंत्र्यावर आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. त्यात १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडचे सगळे जगणे कापसावर होते. अशा वेळी मंत्र्याच्या हाती भाषणाखेरीज फारसे काही उरत नसे. मतदानाचा हक्कही मालमत्तेवर ठरलेला असल्यामुळे ज्यांच्या मुलांना शाळा हवी होती, त्यांतील बहुसंख्यांना मतच नव्हते.

या चौकटीत राहून पंजाबरावांनी जी कामे हाती घेतली, त्यांतील १९३३ चा कर्जलवाद कायदा मला शिक्षणाच्या दृष्टीनेही सर्वांत मोलाचा वाटतो. सावकार आणि कुळ यांना लवाद मंडळासमोर समोरासमोर बसवायचे, कर्जाचा हिशेब उलगडायचा आणि झेपेल अशा हप्त्यांवर तडजोड घडवून आणायची, अशी ती रचना होती. वरवर पाहता हा शेतीचा कायदा आहे. परंतु ज्या घरावर सावकाराची डिक्री, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम, आहे, त्या घरातला बारा वर्षांचा मुलगा शाळेत राहत नाही, तो गुरांमागे जातो. शिक्षण आणि सहकार ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती, आणि त्याला दोहोंतला संबंध कळत होता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

संत्राबाग

'सोपीव' आणि 'राखीव' यांतला फरक शाळेत पाठ केला होता, आज समजला. धन्यवाद.

इतवारीकर

एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे. धाग्याच्या सुरुवातीला अजनीकरांनी 'देशाचे पहिले कृषिमंत्री' असे लिहिले आहे, आणि विदर्भात सर्वत्र असेच लिहिले जाते. स्वातंत्र्यानंतर अन्न व कृषी खाते आधी राजेंद्रप्रसादांकडे होते, नंतर जयरामदास दौलतराम आणि त्यांच्यानंतर कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे गेले. पंजाबराव १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर केंद्रात कृषिमंत्री झाले, आणि त्या वेळी अन्न व कृषी मंत्रालयाची एकूण धुरा रफी अहमद किडवाई यांच्याकडे होती. किडवाईंच्या नंतर अजितप्रसाद जैन आणि मग स. का. पाटील आले. वर बसणारे बदलत गेले, पण १९६२ पर्यंत शेतीचे काम पंजाबरावांकडेच राहिले. माझ्या मते 'पहिले' या विशेषणापेक्षा ही दहा वर्षे अधिक मोलाची आहेत. चुकीचे विशेषण लावले की विरोधकाला तेच खोडण्याची आयती संधी मिळते, आणि खरे काम चर्चेबाहेर राहते.

अजनीकर

इतवारीकर, दुरुस्ती मान्य आहे. शाळेच्या भिंतीवर जे वाचत आलो तेच लिहिले, तपासले नाही. महालवासी यांच्या आक्षेपाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, पण त्याआधी इतरांचे अनुभव वाचायची इच्छा आहे. विशेषतः कोणाच्या घरात त्या काळच्या वसतिगृहात राहिलेले कोणी असतील तर कृपया लिहावे.

जुनी_पोथी

माझे आजोबा दर्यापूर तालुक्यातले. घरी सात एकर कोरडवाहू जमीन, पाच भावंडे. चौथीनंतर गावात शाळा नव्हती. १९३० च्या दशकात ते अमरावतीला एका वसतिगृहात राहून शिकले आणि पुढे नागपूरला नोकरीत आले. त्यांच्या तोंडून ऐकलेले लिहिते.

जूनच्या शेवटी बंडीत पत्र्याची पेटी, वळकटी, पितळी ताट, गडवा आणि ज्वारीचे पोते असे सामान घेऊन वडील मुलाला सोडायला जात. रोख पैसे बहुतेकांकडे नसायचेच, म्हणून धान्य देऊन राहायची सोय होती. ज्याच्याकडे ज्वारी तो ज्वारी देई, ज्याच्याकडे तूर तो डाळ देई, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो पाणी भरणे, लाकडे फोडणे असे काम अंगावर घेई. सकाळी भाकर आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी चून-भाकर. कंदील चार मुलांत एक. चौघे चार दिशांना पालथे पडून मध्ये कंदील ठेवून वाचत, आणि तेल संपत आले की ज्याची परीक्षा सर्वांत जवळ त्याच्याकडे कंदील सरकवत.

पंगतीचा प्रसंग त्यांनी मला अनेकदा सांगितला. पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारच्या पाटावर असा मुलगा बसला, ज्याच्या घरचे पाणी आमच्या गावात कोणी घेत नव्हते. आजोबांनी ताट थोडे बाजूला सरकवले. वाढणाऱ्या मुलाने काही न बोलता ते ताट पुन्हा जागेवर आणून ठेवले आणि भाकर वाढली. आजोबा म्हणायचे, "त्या दिवशी मला कोणी भाषण दिलं असतं तर मी ते विसरलो असतो." म्हातारपणीही पंगतीत शेजारी कोण बसले आहे याची चौकशी कोणी केली, तर ते उठून त्या माणसाजवळ जाऊन बसत.

महालवासी

जुनी_पोथी ताई, हा प्रसंग वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकलो नाही. तरीही दुसरी बाजू मांडणे हे कर्तव्य समजतो.

संस्थापकाची दृष्टी आणि संस्थेचे पुढचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विदर्भातच नव्हे, साऱ्या महाराष्ट्रात बहुजनांच्या शिक्षणासाठी निघालेल्या अनेक संस्थांत पुढे कार्यकारिणीच्या निवडणुका सत्तेच्या निवडणुकांसारख्या लढवल्या जाऊ लागल्या. मी स्वतः एका ग्रामीण महाविद्यालयात नोकरीसाठी मुलाखत दिली होती. मुलाखत पंधरा मिनिटांची झाली. त्यांतली दोन मिनिटे विषयावर गेली आणि उरलेली तेरा माझे गाव, माझे नातेवाईक आणि माझी 'सोय' यांवर गेली. संस्थेचे नाव घेत नाही, कारण तो एका संस्थेचा दोष नव्हता. मुद्दा असा की राजकारणी माणसाने शिक्षणसंस्था काढली की संस्थेबरोबर तिचा मतदारसंघही तयार होतो. पंजाबराव स्वतः १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुका अमरावतीच्या मुलखातून जिंकले. त्या विजयांमागे शाळांचे जाळे नव्हते, असे कोणी म्हणेल काय?

वऱ्हाडवाट

तसे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. परंतु ज्या मुलखात त्यापूर्वी निवडून येण्यासाठी वकिली किंवा सावकारी लागत असे, तिथे शाळा काढणाऱ्याला लोकांनी मत दिले, ही लोकशाहीची अधोगती नव्हे. दोष आला तो पुढच्या पिढीत, जेव्हा शाळा काढण्याचा हेतूच मत हा झाला.

मृगनक्षत्र

मी नागपुरातील एका महाविद्यालयात शिष्यवृत्ती विभागात काम करते, त्यामुळे या धाग्यातला 'वसतिगृह' हा शब्द माझ्यासाठी रोजचा आहे.

राज्य सरकारची 'डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना' आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रम शिकताना राहण्या-जेवण्यासाठी हा भत्ता मिळतो. योजनेच्या सुरुवातीच्या नियमांप्रमाणे नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ३०,००० रुपये आणि इतर ठिकाणी २०,००० रुपये अशी रक्कम होती. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. शुल्काच्या सवलती वेगळ्या आणि हा भत्ता वेगळा, हे पालकांना समजावून सांगण्यातच माझा जुलै महिना जातो.

गेल्या वर्षीची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातले दोन विद्यार्थी मानेवाड्याला एका खोलीत राहत होते. दोघांत मिळून एकच डबा लावलेला. सकाळच्या डब्यातल्या चार पोळ्यांपैकी दोन एकाने खायच्या, दोन दुसऱ्याने संध्याकाळसाठी ठेवायच्या, आणि रात्रीच्या डब्याला उलट क्रम. हे मला त्यांनी सांगितले नाही. माझ्या टेबलासमोर अर्ज दुरुस्त करताना त्यांतल्या एकाला भोवळ आली. पाणी दिले, माझा डबा उघडला, तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून हळूहळू सगळे बाहेर आले. भाडेकरार घरमालकाच्या सहीअभावी अडला होता, आणि भाडेकरार नाही म्हणून भत्त्याचा अर्ज परत आला होता. घरमालकाला जाऊन विनवले, त्यांनी सही दिली. भत्ता मंजूर झाला, परंतु खात्यात पैसे आले तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती.

महालवासी काका म्हणतात त्याप्रमाणे संस्थांत राजकारण शिरले, हे खरे आहे, आणि मी ते जवळून पाहते. पण या योजनेला ज्यांचे नाव दिले आहे, त्यांनी पोत्यातली ज्वारी शुल्क म्हणून घेतली होती. कारण मुलाला भूक जूनमध्येच लागते, मार्चनंतर नाही. नाव देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

संत्राबाग

मृगनक्षत्र ताई, त्या दोघांचे पुढे काय झाले?

मृगनक्षत्र

दोघेही उत्तीर्ण झाले. आता तिसऱ्या वर्षाला आहेत आणि दोन डबे लावले आहेत.

पारवा

शेतीच्या बाजूने थोडे लिहितो, कारण शिक्षणाचा विचार करताना शेतीशिक्षण बाहेर ठेवले तर पंजाबराव अर्धेच समजतात.

महाराजबागेजवळचे आपले कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली येते. हे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले, म्हणजे भाऊसाहेबांच्या निधनानंतर साडेचार वर्षांनी. आम्ही विद्यार्थी त्याला 'पीकेव्ही' (पंजाबराव कृषी विद्यापीठ) म्हणायचो आणि चार वर्षांत ते नाव कोणाचे याचा एकदाही तास झाला नाही. विद्यापीठाच्या बियाण्याच्या पिशवीवरचे नाव शेतकरी वाचतो, विद्यार्थी पदवीवरचे नाव वाचतो, आणि दोघेही पुढे निघून जातात.

केंद्रात असताना त्यांनी भातशेतीच्या जपानी पद्धतीची मोहीम देशभर चालवली. रोपवाटिका नीट तयार करायची, निरोगी व थोडीच रोपे ओळीत लावायची, खत मोजून द्यायचे, कोळपणी वेळेवर करायची. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात माझ्या वडिलांनी ही पद्धत प्रथम पाहिली ती प्रात्यक्षिकाच्या बांधीत. दोरी ताणून ओळीत रोवणी करणाऱ्या बायांना आधी हसू आले. कापणीला धुरे ओलांडून लोक ते धान हातात घेऊन पाहायला आले. पुढे डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनाला आले. प्रदर्शनाचा झगमगाट फार सांगितला जातो, मला मात्र ती ताणलेली दोरी अधिक महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याला शिकवायचे तर त्याच्या बांधावर जाऊन, त्याच्या डोळ्यांदेखत शिकवावे, ही शिक्षणाचीच दृष्टी होती.

वैनगंगा

अजनीकरांनी संबंधांचा जो पट दिला आहे, त्यातील मागासवर्गीयांच्या संघाबद्दल दोन शब्द. घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून काम करताना पंजाबरावांनी शेतकरी आणि मागास जातींच्या शिक्षण-नोकऱ्यांचा प्रश्न लावून धरला. राज्यघटना अमलात आली त्याच वर्षी, १९५० मध्ये, अखिल भारतीय मागासवर्गीय संघ उभा राहिला आणि त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. घटनेच्या ३४० व्या कलमाखाली पहिला मागासवर्ग आयोग काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी १९५३ मध्ये नेमला गेला. केंद्रीय मंत्रिमंडळात राहून, ज्या प्रश्नावर सरकार सावध होते त्याच प्रश्नाच्या संघटनेचे नेतृत्व करणे सोपे नव्हते. संघातही मतभेद झाले. काहींना ते फार सरकारी वाटत, आणि सरकारातल्या काहींना ते फार संघटनेचे वाटत असतील. पण या दोन्ही ठिकाणी त्यांचा प्रश्न एकच होता : कुणब्याचा, माळ्याचा, तेल्याचा मुलगा शिकून अधिकारी कधी होणार?

वऱ्हाडवाट

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, आणि माझ्या मते तीच त्यांच्या शिक्षणविषयक धोरणाचा गाभा आहे. मंत्रिपदाच्या काळात, १९३२ मध्ये, त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीबद्दल विधेयक आणले. देवळांकडे साठणाऱ्या उत्पन्नावर लोकांचे नियंत्रण यावे आणि पूजाअर्चेचा खर्च भागून जे उरेल ते शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामांना लागावे, असा त्यामागचा विचार होता. वैनगंगा यांनी सांगितलेली तिजोरीची अडचण आठवा. अर्थखाते हाती नाही, कर वाढवता येत नाही, मग शाळेला पैसा आणायचा कुठून? समाजाच्याच देवळांत पडून असलेल्या पैशाकडे त्यांनी बोट दाखवले.

हा माणूस धर्माचा अडाणी टीकाकार नव्हता. पापळसारख्या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असा शाळेच्या शोधात फिरत वाढला. पुढे एडिंबरोला संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवली, आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली ती वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर. त्याच पंडिताने अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये सत्याग्रहाची बाजू घेतली, आणि त्याच वर्षी जातीबाहेर विवाहही केला. विमलाबाई विवाहानंतर शिकल्या, कायद्याची पदवी घेतली आणि पुढे राज्यसभेत गेल्या. घरातल्या स्त्रीचे शिक्षण हा त्यांच्यासाठी भाषणाचा विषय नव्हता.

विधेयक संमत झाले नाही. विरोध प्रखर झाला. पण शिक्षणमंत्री म्हणून त्यांचे मोजमाप करायचे तर या न झालेल्या कायद्याचाही विचार झाला पाहिजे.

इतवारीकर

सहमत आहे. त्या चर्चेचा मूळ मजकूर वाचण्याची फार इच्छा आहे. कौन्सिलच्या कामकाजाची छापील वृत्ते निघत असत. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या इमारतीत आज हिवाळी अधिवेशन भरते, ती त्याच काळातली आहे.

अजनीकर

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

महालवासी, १९३० च्या निर्णयाबद्दल तुमचा आक्षेप मी खोडू शकत नाही. तुरुंगात गेलेल्यांचा त्याग मोठा होता, आणि त्या वर्षी कौन्सिलात बसणे हा वेगळा रस्ता होता, हे मान्यच करावे लागेल. पण तो रस्ता कुठून निघाला हे मला या चर्चेतून स्पष्ट झाले. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरला. ज्याने खालच्या पायरीवर हे करून पाहिले, त्याला वरच्या पायरीवरचे खाते नाकारणे जड गेले असावे. ही माझी समजूत आहे, पुरावा नव्हे.

मी सुरुवातीला पक्ष, कायदा आणि संस्था असे तीन पर्याय दिले होते. ते तितके वेगळे नाहीत, हे वऱ्हाडवाट आणि वैनगंगा यांच्या प्रतिसादांवरून कळले. लवादाचा कायदा, देवस्थानाचे विधेयक आणि छात्रालय ही तिन्ही कामे एकाच मुलासाठी होती. आणि मृगनक्षत्र ताईंचे विद्यार्थी पाहिले तर तो मुलगा अजून मानेवाड्यात अर्ध्या डब्यावर शिकतो आहे.

एक प्रत्यक्ष सूचना. ज्यांना वेळ आहे अशा तीन-चार जणांनी मृगनक्षत्र ताईंना जुलैत अर्ज भरायला मदत करावी काय? मी सेवानिवृत्त आहे, रोज दोन तास देऊ शकतो.

महालवासी

माझा आक्षेप कायम आहे, आणि तो कायम असणे योग्यही आहे, असे मला वाटते. आजोबांचा तो बदललेला आवाज मी विसरणार नाही. पण अर्ज भरायला मी येतो. भाडेकराराचा मसुदा मी आधीच तयार करून आणीन, म्हणजे घरमालकाकडून फक्त सही घ्यायची राहील.

मृगनक्षत्र

दोघांचेही मनापासून आभार. १ जुलैपासून या. उत्पन्नाचा दाखला आणि अल्पभूधारकाचा दाखला या दोन कागदांवर सर्वांत जास्त अर्ज अडतात, तेवढे आधी बघून ठेवावे.

जुनी_पोथी

अजनीकर, आपला धागा वाचून काल आजोबांची ती पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी शाईने नाव आणि इयत्ता लिहिली आहे. तळाशी कापडात गुंडाळलेली एक पावती सापडली. कागद घडीवर फाटला आहे, सही वाचता येत नाही, मोडी आणि बाळबोध यांची सरमिसळ आहे, म्हणून आईला शेजारी बसवून एकेक अक्षर लावले. इतके वाचता आले : ज्वारी दीड मण. तुरीची डाळ पाच शेर. रोख काही नाही. मुलगा दाखल.